अंदाजकाका आणि नदीकाठचे अध्यक्ष

अंदाजकाका कशालाही ‘हो’ म्हणत नसत. ‘नाही’ही म्हणत नसत. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, “जेवायला बसताय का?” की बाहेरच्या खोलीतून उत्तर यायचं, “सत्तर टक्के.” काकूही मग सत्तर टक्केच वाढायच्या. आणखी पोळी मागितली तर म्हणायच्या, “ती तुमच्या अंदाजात बसत नाही.”

अमेरिकेत, फार्गोला, ते हवामान खात्यात होते. उत्तरेकडच्या मैदानी राज्यांत यंदाचा वसंत कसा जाईल, हे हिवाळा सरता सरता सांगायचं, हे त्यांचं काम. जमीन किती खोल गोठली आहे, गेल्या पानगळीत ती किती भिजली होती, कुठली नदी कधी काठ सोडेल, असा सगळा हिशेब. “बर्फाची उंची काय बघता?” ते म्हणायचे. “त्यात पाणी किती आहे ते बघा.” हाच निकष ते माणसांनाही लावत. आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं: “उंची चिकार. वितळवलं तर वाटीभरही निघायचं नाही.”

अध्यक्ष उंच होते हे खरं. दोन ओळींच्या सूचनेसाठीही ते माइक मागत आणि आधी त्यावर तीनदा फुंकर मारत. एका वर्षी त्यांनी ठरवलं, पाडव्याची शोभायात्रा रस्त्यावरून काढायची. दक्षिणेकडच्या कुठल्याशा गावातल्या मंडळाने काढली होती, त्याचा व्हिडिओ त्यांच्या फोनवर आला होता. तिकडे मार्चअखेरीस फुलं येतात आणि आमच्याकडे पार्किंगच्या कोपऱ्यात बर्फाचे डोंगर असतात, हा फरक व्हिडिओत दिसत नव्हता.

सभेत काका उभे राहिले. यंदा थंडी रेंगाळेलसं दिसतंय, पाडव्याला रस्त्यावर बर्फ असण्याची शक्यता साठ टक्के, कार्यक्रम हॉलमध्ये करा, असं त्यांनी सांगितलं.

“काका, इथे सगळे इंजिनिअर्स आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “परसेंटेज नको. यस ऑर नो सांगा.”

“साठ टक्के.”

“म्हणजे चाळीस टक्के आम्ही करेक्ट.” लोक हसले. मीही हसलो, हे लिहून ठेवलेलं बरं.

पाडव्याच्या सकाळी भुरभुर पाऊस पडला आणि पडता पडता रस्त्यावर गोठला. स्नो पँटवर नऊवारी नेसून लेझमीच्या पुढे चाललेल्या काकू दुसऱ्याच चौकात आडव्या झाल्या. खुब्याचं हाड मोडलं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत अध्यक्ष माइकवरून सांगत होते, “लाईन तोडू नका, पुढे चला.” मंडळाच्या अहवालात छापून आलं: शोभायात्रा उत्साहात पार पडली. काकू त्यानंतर काठीशिवाय चालल्या नाहीत.

काका भांडले नाहीत. सगळे म्हणाले, मोठा माणूस, विसरला. ज्यांनी त्यांना ओळखलं नव्हतं त्यांचंच हे म्हणणं. मला त्यांनी एकदा शांतपणे सांगितलं होतं, “नदीला घाई नसते. वर साठत राहतं.”

पाच वर्षांनी अध्यक्षांनी गावाबाहेर अगदी नदीकाठी घर बांधलं. वास्तुशांतीचं आमंत्रण आलं तेव्हा काकांनी नकाशा काढला, बोटाने जागा शोधली आणि मला चक्क दुसऱ्यांदा चहा विचारला.

त्या हिवाळ्यात बर्फात पाणी फार होतं. आमची नदी उत्तरेकडे वाहते. दक्षिणेचं पाणी आधी सुटतं आणि पुढे गोठलेल्या पात्रावर येऊन थडकतं. काकांचा अंदाज खात्याच्या साइटवर सर्वांसाठी होताच. तो वाचूनही अध्यक्षांचा फोन आला. मी काकांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून नुकता आत आलो होतो. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

“काका, आमच्याकडे पाणी येणार का? टक्के नको. यस ऑर नो.”

“पंचावन्न टक्के.”

“म्हणजे तसं नक्की नाही.”

“बरोबर,” काका म्हणाले. “पंचेचाळीस टक्के तुम्ही करेक्ट.” आणि फोन ठेवला. इतका तृप्त माणूस मी जेवणानंतरही पाहिलेला नाही.

काकू काठी टेकत बाहेर आल्या. “परत लावा.”

“कशाला? लेखी दिलंय मी.”

“बुडाला तर म्हणेल, काकांनी नीट सांगितलं नाही. लोक त्याला डबे पोचवतील, कौतुक करतील. ते नको मला. वाचवा त्याला. जन्मभर आभार मानू दे.”

काकांनी बायकोकडे पाहिलं. गुरूकडे बघावं तसं. मग फोन लावला आणि म्हणाले, “हो. येणार.” तीस वर्षांच्या नोकरीत ते असं पहिल्यांदाच बोलले. पंचेचाळीस टक्के तोंडघशी पडायची तयारी ठेवून बोलले.

तीन दिवस आम्ही वाळूची पोती भरली. काका रोज सकाळी घडीची खुर्ची घेऊन जात आणि अध्यक्ष पोती उचलत असताना समोर बसत. “अध्यक्ष, लाईन तोडू नका,” ते मधूनमधून म्हणत. “पुढे चला.” चौथ्या दिवशी पाणी आलं, पोत्यांच्या वरच्या थराला वीतभर कमी राहिलं आणि ओसरलं.

त्यापुढे दर पाडव्याला, अर्थात हॉलमध्ये, अध्यक्ष माइकवरून काका-काकूंचे जाहीर आभार मानत. पहिल्या रांगेतून काका कानाला हात लावत. “मागे ऐकू आलं नसेल. परत म्हणा.” अध्यक्ष परत म्हणत. हे सात वर्षं चाललं. एका वर्षी ते सुट्टी घेऊन फ्लोरिडाला गेले, तर काकांनी भर कार्यक्रमात व्हिडिओ कॉल लावला.

गेल्या फेब्रुवारीत काका गेले. शोकसभेत अध्यक्ष बोलले आणि चांगलं बोलले. शेवटी त्यांनी चष्मा काढला. “काकांच्या मनात माझ्याविषयी कधी कटुता नव्हती. त्यांनी सगळं पोटात घातलं.”

काकूंनी हात वर करून बसल्या जागी माइक मागवला.

“कटुता होती,” त्या म्हणाल्या. “शेवटपर्यंत होती. जाताना माझ्याकडे देऊन गेलेत.”

मग त्यांनी माइक शेजारच्याला दिला, काठी घेतली आणि अध्यक्षांच्या समोरून, मुळीच घाई न करता, हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या.