मधलं टिंब

माझी धाकटी जाऊ फार गुणी आहे म्हणे. असेल! पण तिला सुई धरायला कुणी शिकवलं, ते विचारा. भरतकामाच्या कारखान्यात तिला चिकटवली कुणी? मीच. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

आमच्याकडे देवाधर्माची वर्तुळं भरतात. कुणाला आठ पाकळ्यांचं कमळ हवं, कुणाला चांदणी, कुणाला कड्यात बसवलेला क्रूस, तर कुणाला नुसतं आत आत वळत जाणारं चक्र. मास्तर गिऱ्हाइकांना अर्थ विचारून घेतात आणि आम्हाला ऐकवतात. "बाहेरचं कडं म्हणजे संसार. आत जावं तसा 'मी' कमी होत जातो. देव कुठलाही असो, मधलं टिंब सगळ्यांचं एकच." म्हणून टिंब सगळ्यात शेवटी भरायचं, आणि मास्तर सांगतील तिनंच. त्याच दोऱ्यानं कापडामागे आपलं एक मागणंही टाकायचं, जे हवं त्याचे चार टाके. त्यावर अस्तर लागतं. दुसऱ्या कुणी ते बघायचं नाही.

बावीस वर्षं मी बाहेरचीच कडी भरली. माझ्यासारखा दुहेरी साखळीचा टाका कारखान्यात कुणाला जमत नाही. टिंब मात्र एकदाही वाट्याला आलं नाही. यंदा इस्पितळातल्या प्रार्थनेच्या खोलीसाठी मोठं वर्तुळ आलं, सगळ्या धर्मांच्या माणसांना चालेल असं. मला वाटलं, आता तरी! तर मास्तर म्हणाले, "धाकटे, टिंब तू भर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि ही खाली मान घालून म्हणते, "ताई असताना मी कशी?" ढोंगी मेली!

दुसऱ्या दिवशी तिनं टिंब भरलं. सगळे जेवायला उठले तशी मी चौकटीपाशी गेले. टिंब जरा डावीकडे सरकलंय अशी माझी खात्री होती. म्हणजे, मी तशी मनाची समजूत करून घेतली होती. कात्री घातली, टिंब उसवलं, आणि मग चौकट उलटी केली.

मागे दुहेरी साखळी होती. माझी साखळी, पण वेडीवाकडी. तीनदा उसवून पुन्हा घातलेली, कापडाला भोकं पडलेली. अर्धी माझ्याच कात्रीनं सुटून लोंबत होती. हिनं देवाकडे माझ्यासारखा हात मागितला होता!

मी चौकट पुन्हा सुलटी केली. मग घाईघाईनं सुई ओवली. टिंब भरलं, बावीस वर्षं जसं मनात भरत होते तसं. मागे माझं मागणं टाकायला गेले, तर काही सुचेना. शेवटी तिचंच परत टाकलं, मुद्दाम वेडंवाकडं. बिघडवून भरणं किती अवघड असतं! साखळीची शेवटची कडी सवयीनं नीट पडली, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

मास्तर चष्मा पुसून पुसून बघत राहिले. "वा, धाकटे! असं टिंब या कारखान्यात आजवर कुणी भरलं नव्हतं."

काय जळाले मी तेव्हा! आणि बोलायची सोय नाही. धाकटीनं अस्तर लावायला कापड उलटं केलं, साखळीच्या शेवटच्या कडीवरून बोट फिरवलं, आणि अस्तराचे टाके घालू लागली.

घरी जाताना तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली. म्हणाली, "ताई, ती शेवटची कडी शिकवाल?"

"घरी चल. सुई घेऊन बस," मी म्हटलं. माझा आवाज काही केल्या गोड होईना.