पडू न दिलेली बारी

जालन्यातल्या त्या घरात स्वयंपाकीण नव्हती, झाडूवाली नव्हती. चांगले मार्क पडलेल्या, खेड्यातून शिकायला आलेल्या मुलींना तिथं फुकट राहायला मिळे; अट एवढीच, की घर आपणच चालवायचं. भाकरी, पाणी, झाडलोट, सगळ्याच्या बाऱ्या लावलेल्या. जिची बारी पडत राहील, म्हणजे वाट्याचं काम न होताच राहील, तिची खाट दुसऱ्या गरजू मुलीला जाई. मला भाकरीची बारी आवडायची. आईच्या मते मला चुलीजवळचं काही येत नव्हतं, आणि इथं सगळं घर माझ्या हातचं खाऊन कॉलेजला जायचं.

घराची देखरेख करणाऱ्या ताई शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत. मोठ्या मुलींची हजेरी घेणं त्यांना पटत नसे. आम्ही कॉलेजला गेल्यावर त्या येत आणि फक्त कामं बघत. एखादं काम पडलेलं दिसलं, की संध्याकाळी फोन, "आज बारी कोणाची होती?" एकदा जांब समर्थकडच्या एका मुलीनं भरायची टाकी कोरडी राहिली. ती मुलगी घरी अडकलीय कळताच ताई एसटीनं तिच्या गावी. वडिलांच्या ओट्यावर बसल्या, चहा घेतला, आणि पोरगी बॅग घेऊन बाहेर येईपर्यंत उठल्याच नाहीत. परत आल्यावर त्या मुलीनं हा किस्सा नकलेसकट सांगितला, तेव्हा आम्ही हसून हसून बेजार झालो होतो.

मी शेवटच्या वर्षाला असताना घरून निरोप आला, आईला बरं नाही. दोन दिवसांत येते म्हणून निघाले. अंबडच्या पुढे आमचं गाव. पोचले तर आई शेळ्यांना पाला टाकत होती, चांगली धडधाकट. दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते. भावानं चार्जिंगला लावतो म्हणून माझा मोबाईल घेतला, तो परत दिलाच नाही. मी रडले, भांडले, जेवण सोडलं. वडील म्हणाले, "शिकलीस तेवढं बस झालं. पोरगा चांगला हाय, मंग कशाला तमाशा करून राह्यली?"

तरी मी खचले नाही, कारण मला ताई माहीत होत्या. माझी बारी पडेल, ताई विचारतील, एसटी धरतील. दुपारची गाडी यायच्या वेळेला मी शेळ्यांच्या निमित्तानं फाट्याकडे जायची; मी गाडीत चढू नये म्हणून भाऊ मागोमाग असायचाच. बाया उतरायच्या, पोती उतरायची. आमच्या ओट्यावर ताई कुठे बसतील, वडील कसे चाचरतील, सगळं मी मनात ठरवून टाकलं होतं. हळद लागेपर्यंत मी त्या गाडीची वाट पाहिली. ताई आल्या नाहीत. त्यांनी मला वाऱ्यावर सोडलं असं समजून मी बोहल्यावर चढले.

लग्नानंतर एका रविवारी नवऱ्याबरोबर माझी पेटी आणायला जालन्याला गेले. तो रिक्षाजवळ थांबला. माझ्या खाटेवरची चादर ताणून घातलेली होती. आष्टीची माझी मैत्रीण धावत आली नि गळ्यातच पडली.

"किती फोन लावले तुला. पण खाट जाऊ दिली न्हाई आम्ही. सगळ्यांनी मिळून तुझी बारी केली, एकदाबी पडू दिली न्हाई. तू गेल्तीस हे ताईला बिलकुल माहीत न्हाई."

मी खाटेवर बसले. इतका जीव लावणारी माणसं मला पुन्हा भेटली नाहीत, आणि त्यांनीच माझी वाट बंद केली होती. अजून राग येतो, आणि तो काढायला जागा सापडत नाही.

तेवढ्यात किराण्याचा हिशोब बघायला ताई आल्या. माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून दारातच थांबल्या. मग सगळ्या मुलींकडे पाहून म्हणाल्या, "मला कोणीच कसं सांगितलं नाही? मी गेले असते ना गं आणायला."

मैत्रिणीचा चेहरा पांढरा पडला. आपण काय करून बसलो ते तिला आत्ता कुठे कळलं होतं. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "मीच त्यांना सांगू नका म्हणाले होते, ताई. मला लग्न करायचं होतं. तुम्ही आला असतात तरी मी परत आले नसते."

ताईंनी ते खरं मानलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी मला उठायला सांगितलं, खाटेवरची चादर काढून घेतली, आणि नव्या मुलीला कधी बोलवायचं ते माझ्या मैत्रिणीला विचारू लागल्या.