मातीनं धरून ठेवलेला स्फुरद

सुगराबी आमच्या कोथरूडच्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत वीस वर्षं आहेत. बोलणं मोजकं, पण एकदा 'नाही' म्हणाल्या की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी 'हो' होत नाही. मी तिथं अहवाल टाइप करतो. त्यांच्या हट्टाचा मला बरेच दिवस नुसता वैताग यायचा.

परवा लोणी काळभोरचे आप्पासाहेब स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, 'कमी' असल्याचा अहवाल नाचवत आले. "तीन वर्सं रानात स्फुरदाचं खत, डीएपी, ओततोय, आन् तुम्ही म्हणताय स्फुरद कमी! कुणाची माती तपासली, तुमच्या कुंडीतली?"

निम्मं गाव त्यांच्या शब्दावर आमच्याकडे माती पाठवतं. आमचे साहेब लगेच विरघळले. "आप्पासाहेब, 'मध्यम' करून देतो की! सुगराबी, नवीन अहवालावर सही करा."

"नाही करणार," सुगराबी म्हणाल्या. "दुसरं कुणी बघा सहीला."

नोकरीवर बेतलं होतं, तरी आवाज चढला नाही. त्यांनी अहवाल वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. 'उपलब्ध स्फुरद' रकान्यात मावेना, म्हणून 'उपलब्ध' हा शब्द मीच गाळला होता. जमिनीत असलेला वेगळा आणि पिकाला मिळणारा वेगळा, हे मला कुठं ठाऊक!

त्यांनी आप्पासाहेबांना स्टुलावर बसवलं. डीएपी विरघळवलेलं पाणी दोन बाटल्यांत घेतलं, एकीत त्यांच्याच रानातली काळी माती घातली. अर्धा तास हलवून गाळलं. मग दोन्हींत औषध टाकलं. जितका स्फुरद, तितका रंग निळा. बिनमातीची बाटली शाईसारखी झाली. मातीवालीत फिकट झाक तेवढी आली.

"गेला कुठं?" आप्पासाहेब उठून उभे राहिले.

"तुमच्याच मातीत आहे. चिकणमातीचे कण त्याला धरतात, चुनखडी धरते. सोडतात, पण चिमटीचिमटीनं. रानभर फेकलंत की मातीच जास्त खाते. या वेळी डीएपी कमी घ्या, शेणखतात मिसळा, मुळांशेजारी ओळीनं द्या."

आप्पासाहेबांनी फिकट बाटली उचलून उजेडात धरली. मला सुगराबींचा फार अभिमान वाटला आणि माझी लाजही वाटली.

मग ते साहेबांकडे वळले. "सायेब, तुम्ही 'मध्यम' लिहून दिलं असतं, तर मी खुशीत घरी गेलो असतो. आन् चौथ्या वर्सीबी तसंच फेकलं असतं."