उलट्या तासाचं बारसं

भाईंदर पश्चिमेला ममताताईंच्या बाहेरच्या खोलीत दोन घड्याळं शेजारीशेजारी टांगलेली आहेत. डावीकडचं भाईंदरचं, उजवीकडचं यतीनचं. यतीन म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, तेव्हा ताईंनीच त्याला न्हाऊमाखू घातलं, भात कालवून भरवला, शाळेत हाताला धरून नेलं. तो टोरांटोला गेला त्याच आठवड्यात ताईंनी बाजारातून हे दुसरं घड्याळ आणलं. त्याच्याकडे बघून त्या सांगायच्या, "आत्ता चहा घेत असेल," "आत्ता निघाला असेल ऑफिसला." भर दुपारी कुणी दार आपटलं तर ताई दबक्या आवाजात म्हणायच्या, "हळू. यतीन झोपलाय."

घराणं मिठागराचं. मिठागर केव्हाच गेलं. आता ताई पाट्यावर चटण्या वाटून विकतात आणि जेसल पार्कपासून गिऱ्हाइकं रिक्षा करून येतात. प्रत्येक पुडीबरोबर ताईंचं एक मत फुकट मिळतं. साऱ्या जगाने एकच घड्याळ ठेवावं, हे ते मत.

तळमजल्यावरच्या गुणवंतभाईंना ते मुळीच पटत नसे. "ममताबेन, एकच टाइम केला तर तिकडे जेवता जेवता तारीख बदलणार. डाळीला सोमवार, भाताला मंगळवार."

"मग बदलू दे. आपली तिथी नाही बदलत भर दुपारी? चतुर्थी कधी लागली नि कधी संपली, पंचांग बघून सांगतो आपण. कुणाच्या घशात घास अडकलाय?"

"आणि सूरज रात्री दहाला उगवला तर?"

"तर दहाला दात घासतील. सूर्याला काय घड्याळ बांधलंय?"

गुणवंतभाई लसणाची पुडी घेऊन हसत खाली उतरायचे. दुसऱ्या दिवशी नवीन मुद्दा घेऊन परत यायचे. चटणी काही रोज संपत नसे.

फेब्रुवारीच्या शेवटी यतीनला मुलगी झाली. बाराव्या दिवशी त्याला रजा नव्हती, म्हणून बारसं मार्चातल्या रविवारी, तिकडच्या सकाळी नऊला ठरलं. बाळाला आत्या एकच, आणि ती भाईंदरला. पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचाच. फोनवरून सांगायचं ठरलं. यतीनची बायको कृतिका स्वभावाने व्यवहारी. ती म्हणाली, "ताई, बाळ फार वेळ जागं राहत नाही. तुमचा फोन नाही लागला, तर शेजारची सुरुची सांगेल कानात. ती नागपूरची आहे, सगळं येतं तिला."

त्या दिवसापासून सुरुची हे नाव ताईंच्या घरात मिरचीसारखं वाटलं जाऊ लागलं. "नागपूरची काय, न्यूयॉर्कची असली तरी आत्या न्हाय ती," असं त्या पाट्यालाही सांगत. चिडल्या की ताईंच्या तोंडी गावची बोली यायची.

टोरांटोत पाटा-वरवंटा मिळाला नव्हता. पाळण्यात आधी वरवंटा निजवायचा, मग बाळ, ही रीत. तेव्हा वरवंटा भाईंदरला आणि बाळ टोरांटोला अशी वाटणी झाली. ताईंनी शेजारून पाळणा आणला. रोजचाच वरवंटा घासून, न्हाऊ घालून, त्याला झबलं-टोपडं चढवलं.

शनिवारी यतीनचा निरोप आला: "आज रात्री इकडची वेळ एक तास सरकते, लक्षात ठेव." ताईंनी लगेच स्टूल घेतलं आणि उजव्या घड्याळाचा काटा फिरवला. गुणवंतभाई दारातच होते.

"ममताबेन, आगे की पीछे?"

"मागे. विचारायचं काय त्यात?"

"विचारून घ्या ना यतीनला."

"गुणवंतभाई, माझा जन्म मिठागरावरचा. भरतीचं पाणी आज आलं त्यापेक्षा पाऊण तास उशिरा उद्या येतं, परवा आणखी उशिरा. वेळ सरकते ती उशिराकडेच. पाणी कधी आधी आलेलं बघितलंय तुम्ही?"

गुणवंतभाईंचा सगळा जन्म कापडाच्या दुकानात गेलेला. त्यांनी पुढे होऊन स्टूल धरलं.

रविवारी संध्याकाळी खोली बायकांनी भरली, गुणवंतभाई दाराशीच टेकले. चुलत काकू जिजाबाई पाळण्यापाशीच मांडी घालून बसली. ऐन वेळी बॅटरी संपायला नको, म्हणून ताईंनी फोन बंद करून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता. वेळ भिंतीवरच्या उजव्या घड्याळात दिसतच होती. घाई कशाला?

"पोर गोरी हाय का काली?" जिजाबाईने टोपडं सारून बघितलं. "काली हाय. आनि लसनाचा वास येतं तिला."

"आत्यावर गेली असेल," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या.

उजव्या घड्याळात नऊ वाजले तशी ताईंनी फोन चालू केला. न घेतलेल्या कॉलची रांग पडद्यावरून धो धो वाहू लागली. सगळे यतीनचे. त्या बोट लावणार तोच व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर यतीन होता, आणि त्याच्या मागे नथ घातलेली एक बाई हात पुसत होती. ती सुरुची, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"आलीस?" यतीन म्हणाला.

"आले म्हणजे? नऊला बोलावलंस, नऊला आले."

"ताई, इथे अकरा वाजलेत."

ताईंनी भिंतीकडे पाहिलं, गुणवंतभाईंनी छताकडे.

"वेळ एक तास पुढे गेली, ताई. तू मागे नेलीस. दोन तासांचा फरक पडला."

"पुढे?" ताईंनी विचारलं. "पुढे कशी जाईल वेळ?" मग पदर डोळ्यांना लावून हळूच म्हणाल्या, "झालं का रे बारसं? तिने सांगितलं नाव?"

"मी केव्हाची सांगते म्हणून मागे लागलेय," यतीनच्या मागून सुरुची म्हणाली. "तुमचा भाऊ सांगू देईल तर ना. सगळ्यांना आधी जेवायलाच बसवलं. म्हणे, भरतीचं पाणी आल्याशिवाय आमच्यात काम सुरू होत नाही. बारशाआधी पंगत मी पहिल्यांदाच पाहिली बाप्पा."

"तुला काय माहीत मी येईन ते?" ताईंनी भावाला विचारलं.

यतीन जरा ओशाळला. "पहिल्या वर्षी मीपण मागेच नेलं होतं घड्याळ. ऑफिसात पोचलो तेव्हा मीटिंग संपून लोक पांगले होते. तुझा फोन बंद लागला तेव्हाच कृतिकाला म्हटलं, ताईने उलटं फिरवलंय. दोन तासांनी येईल बघ."

मग एकच धांदल उडाली. बाळ जागं झालं होतं आणि कृतिका ओरडत होती, "लवकर, आता रडेल." बायकांनी ताईंना पाळण्याकडे ढकललं. ताई वाकल्या आणि त्यांनी तोंड नेऊन स्पष्ट सांगितलं, "कुर्रर्र... चांदणी." बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. जिजाबाईने तर दोन्ही हातांनी.

"ताई," फोनमधून यतीनचा आवाज आला, "तो वरवंटा आहे. बाळ इकडे आहे."

खोली अशी हसली की खालून कुत्री भुंकली. ताई स्वतःच हसत हसत फोन तोंडाशी धरून बसल्या. तिकडे सुरुचीने त्याच कॉलवर घेतलेला दुसरा फोन बाळाच्या कानाशी हलकेच धरला. ताईंनी पुन्हा नाव सांगितलं. बाळाने तोंडाचा चंबू केला आणि भलीमोठी जांभई दिली.

"आवडलं तिला," सुरुची म्हणाली. "आता इकडून धपाटा कुणाला घालू?"

"यतीनला घाल," ताई म्हणाल्या. "जोरात. आणि चटणी पाठवते तुला, पत्ता दे."

ताईंचं मत आता थोडं बदललंय. ज्याच्या दारात जेव्हा ऊन, त्याची तेव्हा सकाळ. देशोदेशीची घड्याळं वेगळी असू देत, असं त्या गुणवंतभाईंना सांगतात. पण एकदा लावलेलं घड्याळ वर्षातून दोनदा हलवणं हा निव्वळ खोडसाळपणा आहे. समुद्र वेळ बदलतो तेव्हा पाणी डोळ्यांना दिसतं, सरकार ती बदलतं तेव्हा काय दिसतं? गुणवंतभाईंना हे मात्र पटतं, आणि पटल्यामुळे त्यांची थोडी पंचाईत झालीय.

चटण्या अजून त्याच वरवंट्याने वाटल्या जातात. फक्त दुपारी काम संपलं की ताई तो धुऊन, पुसून पाट्यावर आडवा ठेवतात आणि कुणी भांडं आपटलं तर दबक्या आवाजात म्हणतात, "हळू. चांदणी झोपलीय."