पौषातल्या कुंड्या

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. अंबाबाईपुढं हात जोडून उभी राहिले, तेव्हाही बाकी सगळं सांगून टाकलं — हे तेवढं गिळलं. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. तोंडावर काही बोलणार नाही, एवढी सोय.

सुरुवात कुंड्यांपासून करते. कुंड्यांचं बोलणं सोपं जातं.

महाराजांनी राधानगरीला धरण बांधायला काढलं होतं, त्या काळातली गोष्ट. थोरले दीर गवंडी, ते तिकडं कामावर. दिवाळीला घरी आले आणि लगेच परत गेले. शुक्रवार पेठेत आमचं लहानसं कौलारू घर. त्यात सासू-सासरे, माझा नवरा, मी आणि थोरली जाऊ — तिला मी आक्का म्हणायची. सासऱ्यांना दमा. थंडी पडली की बसल्याजागी धापा टाकायचे. त्यांना उतार पडायचा तो तुळस, पानओवा आणि पुदिन्याच्या रसानं, मध घालून. पण अंगणातली तुळस पौषात काळी पडते. म्हणून सासूबाई — आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो — दसरा झाला की रोपं कुंड्यांत लावून माजघरात आणायच्या. चुलीच्या भिंतीला लागून ठेवायच्या, तिथं ऊब असायची. छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा जो तुकडा पडायचा, त्याच्यामागं दिवसभर कुंड्या सरकवायच्या. पाणी कोमट, तेही पेल्यानं. हसू नका, पण त्या घरात सुनांपेक्षा कुंड्यांचे लाड जास्त! हे सगळं काम माझ्याकडं होतं.

आणि एक नियम होता, तो तुम्हालाही माहीत असेल. कावळा शिवलेल्या बाईनं रोपाला हात लावायचा नाही, सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. रोप जळतं म्हणे. ते चार दिवस परसातल्या पडवीत काढायचे, म्हशीशेजारी, एका पोत्यावर.

मला त्या पडवीची भीती वाटायची. वय लहान होतं — नको, वयाचं राहू द्या. थंडी होती आणि मला जायचं नव्हतं, एवढंच. त्या पौषात मी सांगितलंच नाही. घरात वावरले, भाकऱ्या केल्या, कुंड्यांना पाणी घातलं. धुणं लपवून धुतलं. आक्कानं ते पाहिलं. तिनं माझं धुणं दोरीवर आपल्या लुगड्याखाली वाळत घातलं.

तिचंही एक गुपित माझ्यापाशी होतं. तिला दिवस गेले होते. आधी दोनदा, घरात बातमी सांगितली आणि आठवड्याच्या आत पोट रिकामं झालं. म्हणून या खेपेला ती देवीला बोलली होती — तीन महिने पुरे होईतोवर पोटाबद्दल तोंडातून शब्द काढणार नाही. मलाही तिनं सांगितलं नाही. मीच ओळखलं, पहाटे परसात ओकताना पाहिलं तेव्हा. तिनं नुसतं ओठांवर बोट ठेवलं. तिचा नवस मला पुढं कधीतरी कळला, पण लपवायचंय हे त्या बोटावरूनच कळलं होतं.

आणि मग कुंड्यांनी माना टाकल्या. तुळशीची पानं गळाली, पानओवा लिबलिबीत झाला. आता वाटतं, मीच धास्तीनं पाणी जास्त घातलं असेल. पण तेव्हा माझी खात्री होती — हे माझ्याच हातांनी झालंय. म्हणून पुढं चुकून गप्प बसले असं म्हणायची सोय मला नाही.

आत्याबाईंनी आम्हा दोघींना चुलीपुढं उभं केलं.

"कोन शिवलंय ह्यास्नी? खरं बोला."

मग त्या आक्काकडं वळल्या.

"थोरले, दिवाळीपासनं तू भाईर बसल्याली मला दिसली न्हाईस. पोटुशी हाईस व्हय?"

आक्कानं मान हलवली. नाही.

"मग लपवलंसच की गं! म्हातारा तिकडं जीव टाकतोय, आन् तू हितं इटाळ कालवतीस?"

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आता ही बोलेल, अशा भरवशानं पाहिलं. 'मी शिवले' — दोन शब्द. तिचा नवस मोडला नसता. मला दोन थपडा आणि पडवी, बाकी काय होणार होतं? मी चुलीतल्या लाकडाकडं बघत राहिले.

विटाळलेल्या कुंड्या विटाळलेल्या बाईनंच उचलायच्या, असं ठरलं. ओल्या मातीनं भरलेल्या, जड. एकेक पोटाशी धरून तिनं उकिरड्यापर्यंत नेली. मग डोक्यावरून गार पाणी, आणि पडवी. मी दारातून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी द्यायला गेले, तर ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. पोतं रक्तानं भिजलं होतं. माझ्यामागून आत्याबाई आल्या, त्यांनीही पाहिलं.

"बघ. म्हनत न्हवते मी?" असं म्हणून आत गेल्या.

कळतंय ना? त्यांच्या लेखी तो पुरावा होता. ते काय होतं, हे दोघींनाच ठाऊक — तिला आणि मला. तेव्हा तरी ओरडायचं, सुईणीला बोलवायचं! मी भाकरी जमिनीवर ठेवली आणि विटाळ नको म्हणून मागं सरकले. मी — मागं सरकले.

सासऱ्यांसाठी त्याच सकाळी शेजारच्या जैनांच्या परसातून, भिंतीच्या आडोशाला तगलेली, ओंजळभर तुळस आली. मागितल्याबरोबर दिली त्यांनी.

पाचव्या दिवशी आक्का न्हाऊन घरात आली. माझ्याशेजारी पीठ मळायला बसली आणि हळूच म्हणाली, "तू बोलशील असं वाटलं हुतं गं मला." तेवढंच. पुन्हा मरेपर्यंत तो विषय तिनं काढला नाही.

तिला परत दिवस गेले नाहीत. माझी बाळंतपणं तिनं केली, रात्री जागली, माझ्या पोरांचं सगळं काढलं. मला तिची माया सोसायची नाही, आणि ती तर कमी करायला तयार नव्हती.

माझ्या थोरल्याच्या बारशाला पेठेतल्या बाया जमल्या. त्यांनी आक्काला पाळण्याजवळ येऊ दिलं नाही. दोनदा गळालं, तिसऱ्यांदा धरलंच नाही, असल्या बाईचा हात पोराला नको, म्हणाल्या. ती आपणहून उठली आणि आत जाऊन घुगऱ्या ढवळत बसली. तिसऱ्यांदाही धरलं होतं, हे तिच्याखेरीज सांगू शकणारी त्या घरात मी एकटीच होते. बायांनी पाळणा म्हणायला घेतला. मीही म्हणू लागले.