चार बोटांची फट

मी घर सोडलं त्या सकाळी आबा परसात खुराड्याच्या छपरावर बसले होते. मे संपत आला होता. आमच्या आजऱ्याकडे पाऊस एकदा धरला की तीन महिने सोडत नाही, म्हणून कोंबड्यांचं खुराडं झाकायचं काम ते दरवर्षी मेअखेर उरकत. दारात जीप उभी होती, बॅगा चढल्या होत्या, तीन वर्षांची मुक्ता तिच्या बाबाच्या मांडीवर बसून कंटाळली होती. मी वडिलांचा निरोप घ्यायला मागे गेले, तर ते वरूनच म्हणाले, "आलीयस तर सुतळीचं टोक धर जरा."

मी धरलं. त्यांनी ताडपत्रीच्या कडीतून सुतळी ओवली, ताण दिला, एक गाठ मारली. दुसरी मारायच्या आत ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"सोड, जा. गाडी चुकेल."

ते खाली उतरले नाहीत. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तेव्हा सुटलेलं टोक दातांत धरून ते एकट्यानेच ताण देत होते.

ही दोन हजार अकरामधली गोष्ट. तेव्हापासून आम्ही परदेशात, चोआ चू कांगला राहतो. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली बसस्टॉप, दहा मिनिटांवर एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो. मी तांजोंग पगारच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. इथे आलेल्यांना हे वर्णन करून सांगायला नको, आणि तिकडे राहिलेल्यांना कितीही सांगितलं तरी ते विचारतात, "पण परस कुठे आहे?" आईनेही पहिल्या फोनवर हेच विचारलं होतं. परस नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग खरकटं कुठे टाकतेस?"

आबा प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि खुराडंही ते धडा शिकवावा तसं बांधत. पश्चिमेकडून झड येते, म्हणून ताडपत्री त्या बाजूने जमिनीपर्यंत. मुंगूस खालून उकरतं, म्हणून तळाशी दगडांची रांग. भिंतींना गुळगुळीत पत्रा, कारण त्याच्यावर मुंगसाचा पाय ठरत नाही. आणि पूर्वेला, अगदी वर, छपराखाली चार बोटांची फट. ती मात्र उघडी ठेवायची. "कोंबडीला पावसापासून राखायचं, वाऱ्यापासून नाही. कोंडली तर भिजण्याआधीच मरेल." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की त्यात शिकण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

चार वर्षांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आबा झोपेत गेले. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले, तोवर सगळं झालेलं होतं. त्या वर्षी झाकायचं काम लांबलं होतं; नवी ताडपत्री घडीसकट ओटीवर पडली होती. माणसं येत होती, चहा होत होता, पाऊस लागला होता आणि ती घडी उलगडायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं. मी रोज तिच्याकडे बघत होते आणि तिला हात लावत नव्हते. बाराव्या दिवशी सकाळी आईने खुराड्याचं दार उघडलं, तर नऊपैकी चार कोंबड्या मुंगसाने नेल्या होत्या, उरलेल्या भिजून एका कोपऱ्यात बसल्या होत्या.

आई रडली नाही. पदराने एकेक कोंबडी पुसत म्हणाली, "विकून टाकते आता. दरवर्षी कुणी झाकायचं?"

ते ऐकून मला आबा गेल्याचं पहिल्यांदा कळलं. आई एकटी त्या घरात राहणार होती ती त्या कोंबड्यांच्या जोरावर. सकाळी सोडायच्या, संध्याकाळी डालायच्या, एवढ्यासाठी तरी ती उठली असती. मी म्हटलं, "विकू नकोस. पुढच्या मेमध्ये मी येऊन झाकते." शेजारच्या तानाजीकाकांनी ताडपत्री कशीबशी टाकून दिली आणि मी परत आले.

दिलेला शब्द पाळणं मला जमेल की नाही याची खात्री नव्हती. मी आयुष्यात फक्त सुतळीचं टोक धरलं होतं.

ऑफिसात माझ्या शेजारी मेई बसते. तिचे वडील सेरंगूनजवळ एका जुन्या बैठ्या घरात राहतात आणि मागच्या अंगणात सहा कोंबड्या पाळतात. एकदा जेवताना ती म्हणाली, पाऊस आत येतोय, पत्रे गंजलेत, पपा ऐकत नाहीत. मी काही विचार न करता म्हणून गेले, "मी झाकून देते." मला सराव हवा होता, हे मी तिला सांगितलं नाही.

अंकल, म्हणजे मेईचे वडील, सत्तरीचे होते, कुणालाही आधी हसायचे. त्यांनी सामान आणून ठेवलं आणि मी शनिवारभर आबांसारखं काम केलं. दगड लावले, पत्रा ठोकला, ताडपत्री ताणली. मुक्ताने टोक धरलं. वरची फट पाहून अंकल, वाक्यामागे 'लाह' जोडायच्या इथल्या लकबीत, म्हणाले, "धिस वन क्लोज ऑल, लाह. बेटर."

"नो, अंकल. माय फादर ऑल्वेज लेफ्ट इट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मेईने त्यांना आबांबद्दल सांगितलं असावं. "ओके, ओके. युअर फादर्स वे," म्हणाले आणि हातातली फळी खाली ठेवली.

बुधवारी मेईच्या फोनवर फोटो आला. खुराड्यात अजगर होता. मागच्या गटारातून आला, गुळगुळीत पत्र्याला वळसा घालून कोपऱ्याच्या खांबावरून वर चढला आणि चार बोटांच्या फटीतून आत उतरला. एक कोंबडी गिळल्यावर त्याला त्याच फटीतून बाहेर पडता येईना. माणसं बोलावून त्याला नेलं. सहातल्या पाच उरल्या.

शनिवारी मी माफी मागायला गेले. एमआरटीत पूर्ण वेळ मनात वाक्यं जुळवत होते. मला अंकलपेक्षा आबांपुढेच जास्त लाज वाटत होती. त्यांचं शिकवलेलं मी इतक्या लांब आणलं आणि ते खोटं ठरलं, असं काहीसं.

अंकल म्हणाले, "युअर फादर्स हाऊस, गॉट पायथन?"

"नाही. फक्त मुंगूस."

"देन ही इज करेक्ट, लाह." आणि त्यांनी मला मागे नेलं. मला वाटलं होतं फट त्यांनी फळीने बुजवली असेल. ती तशीच होती. फक्त तिच्यावर करंगळीही जाणार नाही अशा बारीक छिद्रांची पोलादी जाळी चारी बाजूंनी ठोकलेली होती. "चिकन मस्ट हॅव एअर. युअर फादर नोज," ते म्हणाले. उरलेली जाळी गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं, तर मुक्ता मध्येच म्हणाली, "टेक लाह, मम्मा. फॉर आजी."

पुढच्या मेमध्ये ती गुंडाळी बॅगेतून आजऱ्याला गेली. आईने खरंच कोंबड्या विकल्या नव्हत्या, पण ती वाळली होती आणि मी छपरावर चढताना तिने "सांभाळून" एवढंसुद्धा म्हटलं नाही. खुर्ची टाकून बघत बसली. दोन दिवस लागले. आबांना एक लागायचा. माझ्या गाठी सैल होत्या, सगळ्या पुन्हा माराव्या लागल्या. खाली मुक्ता दोन्ही हातांनी टोक धरून उभी होती, दर थोड्या वेळाने विचारत होती, "सोडू का?" मी म्हणत होते, "नको."

शेवटी जाळी लावायला घेतली तेव्हा आई खुर्चीतून उठली. "ह्यांनी ती फट कधी बुजवली नाही."

"मीही बुजवत नाही, आई. हात लावून बघ."

तिने तळहात जाळीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग कोंबड्या डालायला गेली.

आता दरवर्षी मेमध्ये मी दहा दिवसांची रजा काढते. दमते. परत येताना विमानात हात सोलवटलेले असतात आणि सोमवारी ऑफिसात कीबोर्डवर झोंबतात. हे किती वर्षं जमेल, माहीत नाही. आईही विचारत नाही. तिकडे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं आम्ही सुटलो. आमच्यासारखं घर सोडून निघालेल्यांनो, तुम्हाला माहीत आहे, तसं काही नसतं. घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी चोआ चू कांगचा पत्ता देते आणि तो खोटा नसतो. पण जुलैत, तिकडे झड लागली की, आईचा फोन येतो. ती पावसाचं काही सांगत नाही, आबांचंही नाही. म्हणते, "पाचही कोरड्या आहेत." आणि ठेवता ठेवता, "फटीतून वारा येतो गं."