कपाच्या तळाचा लाल ठिपका

मिनू, रोहन — हे मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितलं नाही. जन्मभर डब्यांवर, फायलींवर नावं घालत आले. या एका गोष्टीवर चिठ्ठी लावली नाही. लावली असती, तर तिच्यावर नाव माझंच पडलं असतं.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. आम्ही वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो आणि मी तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होते. तिथे बायका दोनच — मी आणि कमल. कमल नांदेडकडची, बौद्ध. बी.एस्सी.ला तिला माझ्याहून जास्त मार्क होते. कायम करायची वेळ आली तेव्हा पुरुषांना कायम केलं आणि आम्हा दोघींना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं पत्र देऊन घरी पाठवलं.

आम्ही वेगवेगळ्या तक्रारी केल्या. माझी साधी — बाई म्हणून डावललं. कमलचं म्हणणं, जातीमुळे. पुरावा म्हणून तिनं कपाची गोष्ट लिहिली होती. लॅबमध्ये तिचा चहाचा कप वेगळा ठेवायचे. ओळखू यावा म्हणून त्याच्या तळाला लाल ठिपका.

वकील म्हणाले, पत्रावर सही करणारा लॅबचा साहेब एकच, पत्र एकच, तर दोन्ही तक्रारी एकत्र चालवू. एकच सुनावणी, दोघी एकमेकींच्या साक्षीदार. फक्त दोघींची लेखी संमती हवी. कमल खूश झाली. "दोघी एकदम उभ्या राहिलो ना ताई, साहेबाला घाम फुटेल बघा! आणि कपाचं तुमी सांगा. तुमी तर रोज बघायच्या."

रोज बघायचे — हो. पण कोर्टात कुणीतरी विचारणारच ना, ठिपका लावला कुणी? कमलला वाटायचं, साहेबानं. पण ठिपका नेलपॉलिशचा होता, आणि साहेबाकडे नेलपॉलिश कुठून येणार?

ते नेलपॉलिश माझं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणाचा दबाव नव्हता. बाटल्यांना लेबलं लावायचं काम माझं, आणि ते सहा पांढरे कप अगदी सारखे — एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी तिचा कप उलटा केला आणि ठिपका दिला. सुकेपर्यंत फुंकर घातली. तेव्हा वाईट वाटलं का? नाही. काम नीट झाल्याचं समाधान वाटलं.

मी संमती दिली नाही. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून निवेदन मीच लिहिलं — दोन्ही तक्रारींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. एकही खाडाखोड नाही. कमलला सांगितलं, वेगळ्या चालल्या तर निकाल लवकर लागेल. तिनं मान डोलावली.

मी जिंकले. पुन्हा कामावर गेले, निवृत्त होईपर्यंत राहिले. कमलच्या बाजूनं बोलायला कुणीच आलं नाही. कपाची गोष्ट तिच्या मनची ठरली आणि तिचा अर्ज फेटाळला गेला.

तरी ती पेढे घेऊन माझ्या घरी आली. मी पाहुण्यांसाठीचे कप काढले, चहा दिला. चहा संपल्यावर तिनं कप उचलला, उलटा केला आणि तळ पाहिला. सवयीनं? की तिला कळलं होतं? तळ कोरा होता.

"कायम झालात ताई, बरं झालं," म्हणाली, आणि उठून तो कप स्वतःच मोरीत विसळायला लागली.

मी तिला विसळू दिला.